उसाची पात डोळ्याला लागली तर: पहिल्या तासापासून बुबुळ बरं होईपर्यंत काय करायचं

ऊस तोडताना पात लागणं, भात झोडताना कुसळ जाणं, मळणी यंत्राच्या तोंडाशी उभं असताना भुसा उडणं हे शेतात इतकं नेहमीचं आहे की त्याला कुणी दुखापत म्हणतच नाही. डोळा चोळायचा, पदराच्या टोकानं पुसायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. पण कधीकधी त्या बारीकशा ओरखड्यातून बुरशी किंवा जिवाणू बुबुळात शिरतात, जखम पिकते आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथं पांढरं फूल पडतं. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांखालच्या लोकांमध्ये अंधत्वाचं पहिलं कारण मोतीबिंदू नव्हतं, बुबुळ पांढरं पडणं हे होतं. म्हणजे कमावत्या वयातच डोळा जातो.

हा शेतीचा आजार आहे. मदुराई जिल्ह्यात १९९३ साली केलेल्या मोजणीत वर्षाला दर लाख लोकांमागे ११३ जणांना बुबुळाची जखम पिकण्याचा त्रास झाल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका परगण्यात हाच आकडा ११ होता. त्यामुळे यावरच्या उपचारांच्या मोठ्या चाचण्याही इकडेच झाल्या, दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत आणि नेपाळमध्ये. त्यांत भाग घेणाऱ्यांत मोठा भरणा शेतात राबणाऱ्यांचाच होता. त्या चाचण्यांमधून जे हाती लागलं ते आपल्या फडावर थेट लागू पडतं, म्हणून एकेका पायरीला धरून ते इथं मांडतो आहे.

पहिली पायरी: शेतातच, लागल्या लागल्या

डोळा चोळू नका. आत काही गेलं असेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी ओंजळीनं किंवा बाटलीनं डोळ्यात सोडा आणि उघडझाप करा. कालव्याचं, विहिरीचं, शेततळ्याचं पाणी वापरू नका. त्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो आणि त्यानं पिकलेलं बुबुळ बरं व्हायला महिनोन् महिने लागतात.

बुबुळात काही रुतलेलं दिसत असेल तर ते काढायच्या भानगडीत पडू नका. काडीनं, सुईनं, पदरानं तर नाहीच, आणि जिभेनं कचरा काढून देणाऱ्या गावातल्या जाणत्या माणसाकडूनही नाही. तोंडातले जिवाणू नेमके उघड्या जखमेवर जातात. आईचं दूध, मध, एरंडेल, तूप यातलं काहीच घालू नका. डोळ्यावर पट्टी बांधू नका, कारण पानाफांद्यांनी झालेल्या जखमेवर ओलसर, उबदार अंधार म्हणजे बुरशीची सोयच.

चुना किंवा फवारणीचं औषध डोळ्यात गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं समोर असेल ते पाणी, असेल तितकं, निदान अर्धा तास सोडत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. चुन्यामुळे मिनिटागणिक नुकसान होतं.

दुसरी पायरी: पहिला दिवस

सगळ्यात मोलाचा हाच दिवस, आणि वाया जातो तोही हाच. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात संशोधकांनी गावोगावचे स्वयंसेवक तयार केले. डोळ्याला लागलेल्या माणसाच्या बुबुळावर ओरखडा आहे का, हे ते रंगाच्या पट्टीनं तपासत आणि ओरखडा दिसला की क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं १ टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस देत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ओरखड्याचे ४४२ रुग्ण होते. त्यातले ४२४ जण जखम न पिकता बरे झाले. खरी शिकण्यासारखी गोष्ट उरलेल्या १८ जणांत आहे. लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकाचीही जखम पिकली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी ४ जणांची पिकली. आणि २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी १४ जणांची, म्हणजे जवळजवळ दर साडेतीन माणसांमागे एकाची.

या आकड्यांकडे डोळसपणे बघायला हवं. मलम न देता नुसतं पाहिलं असा गट या अभ्यासात नव्हता. शिवाय उशिरा आलेले लोक जास्त दुखायला लागलं म्हणूनच आले असण्याची शक्यता आहे. पुढे नेपाळमध्येच गावपातळीवरच्या स्वयंसेवकांचा प्रयोग आणखी मोठ्या प्रमाणावर, काही भागांत स्वयंसेवक आणि काही भागांत नाहीत अशा तुलनेनं झाला. त्यात बुबुळ पिकण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. म्हणून मी असं सांगणार नाही की घरात मलमाची ट्यूब ठेवली की काम झालं. त्याच दिवशी डोळा कुणीतरी जाणकारानं बघितलाच पाहिजे, आणि मलम त्यानं द्यावं.

कुठं जायचं? ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. ते फ्लुरेसीनची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवतात आणि निळ्या उजेडात बघतात. ओरखडा असेल तर तेवढा भाग हिरवा चमकतो. या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. ‘पट्टी लावून बघितलं का?’ एवढं विचारायला लाजू नका. पुढचे तीन दिवस रोज सकाळी डोळा दाखवा किंवा निदान फोनवर कळवा.

ऊसतोड कामगारांची इथंच अडचण होते. गाळप हंगामात एक दिवस कामावर नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. बीडहून दोनशे-तीनशे किलोमीटरवर आलेलं जोडपं डोळ्यात पात गेली म्हणून दिवस सोडत नाही, हे मला कळतं. पण पहिल्याच दिवशी तासभर गेला तर गेला. जखम पिकली की महिनाभर तोड बंद. मुकादमाला समजावायचं तर हिशोब असाच मांडा.

तिसरी पायरी: जखम पिकतेय हे कसं ओळखायचं

जिवाणूंचा संसर्ग असेल तर एक-दोन दिवसांतच डोळा लाल होतो, ठणकतो, पू येतो. पण बुरशी लबाड असते. पात लागल्यावर पाच-सात दिवस विशेष काही वाटत नाही, मग हळूहळू खुपायला लागतं. मोठी जखम दिसत असूनही त्या मानानं दुखणं कमी असू शकतं. म्हणून लोक थांबतात.

घरी रोज एवढं बघा: उजेडाकडे पाहिल्यावर डोळा मिटतो का, पाणी वाहतं का, दुसरा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर कालच्यासारखं दिसतं का. मग खिडकीच्या उजेडात कुणालातरी बुबुळ बघायला सांगा. काळ्या भागावर टाचणीच्या डोक्याएवढा जरी पांढरट, करडा किंवा पिवळसर ठिपका दिसला तरी ती डोळे आलेली साथ नव्हे. साथीत दोन्ही डोळे लाल होतात, चिकटतात, पण बुबुळ साधारणपणे स्वच्छ दिसतं. ठिपका दिसला की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

लेन्स वापरणाऱ्या शहरातल्या मुलामुलींना पात लागलेली नसते, तरी त्यांनाही हे लागू आहे. डोळा लाल झाला की लेन्स काढा, फेकू नका, डबीसकट डॉक्टरांकडे न्या. तपासणीला ती उपयोगी पडते.

चौथी पायरी: मेडिकलवरून आणलेली बाटली

ओपीडीत असा पेशंट येतो तेव्हा सोबतचा माणूस खिशातून दोन-तीन अर्ध्या बाटल्या काढून टेबलावर ठेवतो. त्यातल्या एकीत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. ते घातल्यावर दोन दिवस बरं वाटलेलं असतं, लाली उतरलेली असते. पण स्टिरॉइड बुरशीला मारत नाही. बुरशीशी लढणारी शरीराची फौज ते मागे खेचतं, आणि बुरशी बुबुळाच्या आतल्या थरांत पसरत जाते. जखम वरून शांत दिसते आणि आतून पोखरली जाते.

म्हणून बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यातलं एक जरी नाव असलं तर डोळ्याला लागलेलं असताना ती बाटली डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय वापरायची नाही. अनेकदा ही औषधं अँटिबायोटिकच्या जोडीनं एकाच बाटलीत येतात आणि दुकानात ‘अँटिबायोटिक ड्रॉप’ म्हणूनच हातात पडतात. इंग्रजी बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर लेबलचा फोटो काढून गावातल्या शिकलेल्या मुलीला, आशाताईंना, कुणालाही दाखवा. गेल्या खेपेची, शेजाऱ्याची, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली तर नकोच, कारण ऑपरेशननंतरच्या बाटलीत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं.

यावर कुणी म्हणेल, डॉक्टरही पिकलेल्या बुबुळात कधीकधी स्टिरॉइड देतात. देतात. त्याची कसून परीक्षाही झाली आहे. २०१२ मध्ये निकाल आलेल्या ‘स्कट’ चाचणीत ५०० रुग्ण होते. सगळ्यांची जखम जिवाणूंचीच असल्याचं कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतला कण प्रयोगशाळेत वाढवून बघण्यात, सिद्ध झालेलं होतं आणि सगळ्यांना निदान ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळालेलं होतं. त्यानंतर निम्म्यांना स्टिरॉइड, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले थेंब. तीन महिन्यांनी एकूण नजरेत फरक आढळला नाही. नजर फारच गेलेल्या आणि जखम मधोमध असलेल्या काही रुग्णांना थोडा फायदा दिसला, तर नोकार्डिया नावाच्या जिवाणूच्या जखमा स्टिरॉइडनं वाईट झाल्या. इतकी काळजी घेऊन, रोग पक्का ठाऊक असताना ही गत. मग काय झालंय ते माहीतच नसताना काउंटरवरून घेतलेल्या बाटलीबद्दल काय बोलावं?

पाचवी पायरी: खरवड तपासणी

माझ्या मते सगळ्या उपचारात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा आहे. नुसत्या डोळ्यांनी बघून बुरशी की जिवाणू हे अनुभवी डॉक्टरलाही प्रत्येक वेळी ठामपणे सांगता येत नाही. दोन्हींची औषधं पूर्ण वेगळी. अंदाजानं औषध दिलं आणि तो चुकला तर आठवडा फुकट जातो.

पेशंटला ‘बुबुळ खरवडणार’ म्हटलं की धडकी भरते, म्हणून नीट सांगतो. आधी डोळा बधिर करणारे थेंब घालतात. मिनिटाभरात डोळा जड, लाकडासारखा होतो. हनुवटी आणि कपाळ स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्याला टेकवून बसायचं आणि समोर एका जागी बघत राहायचं. डॉक्टर यंत्रातून बघत बारीक पात्यानं जखमेच्या तळातून आणि कडेवरून कणभर भाग उचलतात, काचपट्टीवर पसरतात, पुन्हा थोडा उचलतात. स्पर्श जाणवतो, दुखत नाही. एका काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्यात पेशी विरघळतात आणि बुरशी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. हे उत्तर अर्ध्या तासात मिळू शकतं. दुसरी काचपट्टी ग्रॅम रंगानं जिवाणूंसाठी रंगवतात. उरलेला कण कल्चरला टाकतात. जिवाणू एक-दोन दिवसांत उगवतात, बुरशीला आठवडा किंवा जास्तही लागू शकतो. खरवडल्यानं वरची मेलेली साय निघते आणि औषध आत शिरायला वाट मिळते, हा आणखी एक फायदा.

बधिर करणाऱ्या थेंबांची बाटली मात्र कधीही घरी मागू नका. दुखणं थांबतं म्हणून ती वापरत राहिलं तर बुबुळ भरून येणंच थांबतं.

जिथं ही सोय नाही तिथून लगेच चिठ्ठी मागून घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्र विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभाग एकाच आवारात असतात: कोल्हापूरचं सीपीआर, मिरज, सोलापूर, पुण्याचं ससून, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ. जाताना आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या. मधुमेह आहे का, पूर्वी याच डोळ्याला असं झालं होतं का, हेही आपणहून सांगा. वारंवार तोच डोळा लाल होत असेल तर नागीणच्या जातीतल्या विषाणूचा संशय घेतात आणि त्याचे उपचार वेगळे. लासूर असेल, म्हणजे नाकाजवळ दाबल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यातून पू येत असेल, तर तोही आधी मोकळा करावा लागतो.

सहावी पायरी: औषध कोणतं, आणि ते का

तपासणीत बुरशी निघाली तर पहिलं औषध नॅटामायसिन ५ टक्के. हे जुनं औषध आहे. २०१० च्या सुमारास व्होरिकोनॅझोल हे नवं औषध चर्चेत होतं. ते बुबुळात खोलवर शिरतं आणि प्रयोगशाळेत अनेक बुरश्यांवर चांगलं चालतं, म्हणून पुष्कळ डॉक्टरांचा ओढा तिकडे होता. तेव्हा अरविंद रुग्णालयांत ‘मट’ चाचणी घेतली. ३२३ रुग्ण, कुणाला कोणतं औषध ते चिठ्ठीसारखं नशिबानं ठरलेलं, आणि बाटलीत काय आहे ते पेशंटलाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. व्होरिकोनॅझोल मिळालेल्या गटात बुबुळाला भोक पडण्याचं आणि तातडीनं बुबुळ बदलावं लागण्याचं प्रमाण इतकं जास्त निघालं की चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं भरती मध्येच थांबवली. २०१३ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी नॅटामायसिनवाल्यांची नजर तपासणीच्या तक्त्यावर सरासरी जवळपास दोन ओळी चांगली. फ्युसेरियम या बुरशीत तर फरक चार ओळींचा. ही बुरशी मातीत आणि पिकांवर सर्रास असते, म्हणून पात लागलेल्या डोळ्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

त्यानंतर एकेक शंका तपासली गेली. जोडीला व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या तर? २४० गंभीर रुग्णांच्या पुढच्या चाचणीत, २०१६ मध्ये, भोक पडण्याचं प्रमाण घटलं नाही आणि दुष्परिणाम वाढले. किरणांनी बुबुळ घट्ट करणारं क्रॉसलिंकिंग? १११ रुग्णांच्या २०२० च्या चाचणीत बुरशीवर फायदा दिसला नाही, तीन आठवड्यांनी नजर उलट कमी होती. सहज मिळू शकणारं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक? नेपाळमध्ये ३५४ रुग्णांत नॅटामायसिनच सरस ठरलं. २०१७ पासून नॅटामायसिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तेव्हा कुणी सुरुवातीलाच महागडी प्रक्रिया सुचवली तर ‘नॅटामायसिन आधी का नको?’ असं नम्रपणे विचारा. क्वचित कारण असतंही, ते समजून घ्या.

सातवी पायरी: घरी थेंब घालताना

नॅटामायसिनच्या बाटलीत तळाला पांढरा साका बसतो. औषध तोच आहे. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवली नाही तर नुसतं पाणी डोळ्यात जातं. थेंब पडल्यावर पापण्यांना पांढरी पूड चिकटते, ती बिघाडाची खूण नाही.

‘मट’ चाचणीत पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, मग तिसऱ्या आठवड्यापर्यंत दर दोन तासांनी असं वेळापत्रक होतं. तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं वेगळं असू शकतं, ते पाळा. दर तासाला थेंब घालणं एकट्या माणसाला जमत नाही. घरातल्या एकानं जबाबदारी घ्यावी, मोबाइलवर गजर लावावा आणि वहीवर खूण करावी. हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका, बाटलीचं टोक कशालाही लावू नका. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

बुरशीची जखम सावकाश भरते. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून डॉक्टर बदलण्याची घाई नको. दर भेटीत जखम किती मिलिमीटरची आहे ते केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरला त्या आकड्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं. लाली गेली म्हणून थेंब आपल्या मनानं बंद केले की राहिलेली बुरशी पुन्हा डोकं वर काढते.

अचानक डोळ्यातून गरम पाण्याचा लोंढा आला, नजर एकदम खाली गेली, बाहुली एका बाजूला ओढलेली दिसली किंवा ठणका एकाएकी थांबला, तर बुबुळाला भोक पडलेलं असू शकतं. डोळ्यावर दाब न देता, फक्त वाटीसारखं काहीतरी झाकून, रात्र असली तरी निघा. बारीक भोक खास गोंदानं बुजवता येतं, मोठं असेल तर बुबुळ बदलावं लागतं.

चाचणीत भाग घ्याल का, असं विचारलं तर

मोठ्या रुग्णालयात हा प्रश्न येऊ शकतो. घाबरू नका आणि लगेच सहीही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरच्यांसोबत वाचा. इथं विचारायचे प्रश्न असे: मला आत्ताचं नेहमीचं औषध मिळणार की नाही, अपाय झाला तर उपचार कोण करणार, मधेच सोडता येईल ना, येण्याजाण्याचा खर्च मिळेल का. औषधांच्या चाचण्या भारताच्या ‘सीटीआरआय’ नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा, तो इंटरनेटवर कुणालाही तपासता येतो. नाही म्हटल्यानं तुमचे उपचार थांबवता येत नाहीत.

फूल राहिलं तर

जखम भरल्यावर डाग राहतोच. तो कडेला असेल तर नजरेला फारसा अडथळा होत नाही. मधोमध असेल तर काही महिने थांबून, डोळा पूर्ण शांत झाल्यावर चष्मा किंवा खास लेन्सनं किती दिसतं ते बघतात आणि गरज पडली तर नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवतात. बसवल्यावर वर्षानुवर्षं थेंब आणि तपासण्या असतात. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, कमी दिसायला लागलं किंवा दुखू लागलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

आणि फडावर परत जाताना चष्मा घालूनच जायचं. साधा प्लॅस्टिकचा पारदर्शक चष्मा घामानं धुरकट होतो, म्हणून लोक तो डोक्यावर चढवून ठेवतात. बारीक जाळीचे चष्मे मिळतात, त्यांच्यावर वाफ धरत नाही आणि पातही आत येत नाही. भुशाच्या धुळीला मात्र ते पुरत नाहीत, मळणी यंत्रापुढे बाजूनं बंद असलेला चष्मा हवा. ज्याचा एक डोळा आधीच गेला आहे, त्यानं तर दुसऱ्या डोळ्यासाठी पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा नंबर नसला तरी करून घ्यावा आणि शेतात पाय ठेवण्याआधी लावावा.